शेळ्यांनी खाल्लेली वाट

माघ नुकताच लागला होता. भिकू ऐनाच्या झाडावर चढून कवळ तोडत होता आणि खाली तुळसा त्या पाल्याच्या फांद्यांच्या मोळ्या बांधत होती. तेवढ्यात तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. अख्ख्या वाडीत रेंज मिळायची ती नेमकी या ऐनाखाली. देवाने मोबाइलवाल्यांशी संगनमत करून आपल्याला राबाच्या कामाला जुंपलं, असं भिकू नेहमी म्हणायचा. फोन मंगेशचा होता, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा.

"आये, ऋतिकाचं काम झालं बग," मुंबईहून मंगेश म्हणाला. "हॉस्टेल हाय, डोळं नसलेल्या पोरांचं. रहानं, खानं, सगळं तिथंच. एकदम सिस्टीममधे. फॉर्म घेऊन शिमग्याला येतो. जूनला सोडायची तिला."

तुळसाने कोयती खाली ठेवली. "सोडायची म्हंजे? पोर अजून सा वरसांची नाय झाली, मंगेश."

"मग काय करू? आम्ही दोघंबी ड्युटीवर. खोलीला भायेरनं कडी लावून जाऊ? आन् तिथं तुझ्या चुलीपाशी बसून तिचं काय व्हनार हाय? तूच सांग."

तुळसाने फोन परत कमरेला खोचला. मंगेशची ही लेक दिवस भरायच्या आधीच जन्मली आणि तिच्या डोळ्यांत उजेड-अंधार कळण्यापुरतीच नजर राहिली. दोन वर्षांची झाल्यावर मंगेशने तिला वाडीवर आजी-आजोबांकडे आणून ठेवली. तुळसा अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, झाडलोट करायची, घराघरातून पोरं गोळा करून आणायची. नातीला ती रोज बरोबर न्यायची खरी, पण बाकीची अकरा पोरं फळ्यापुढे गाणी म्हणत, चित्रं रंगवत, तेव्हा ऋतिका मागच्या खोलीत पातेल्याजवळ लसूण सोलत बसलेली असायची. पोरं ढकलतील, पोर पडेल, या धास्तीने तुळसानेच तिला तिथे बसवली होती. लेकाने ते मुंबईत बसून बरोबर ओळखलं, आणि खरं होतं म्हणूनच ते तिला इतकं झोंबलं.

"काय म्हनतोय गो?" भिकूने वरून विचारलं.

"तू फांदी टाक," तुळसा म्हणाली आणि डोळे पुसून पुढची मोळी आवळायला लागली.

त्या आठवड्यात पोलादपूरला अंगणवाडीच्या बायांचं प्रशिक्षण निघालं. वाडीची सेविका बाळंतपणाच्या रजेवर होती, तेव्हा तिच्या बदली तुळसाला जावं लागलं. सभागृहात तीस-पस्तीस सेविका, सगळ्या इस्त्रीच्या साड्यांत. दारातल्या बाईने विचारलं, "मदतनीस का? मग मागे बसा." तुळसा मागे बसली. पिशवीतल्या डब्याचं झाकण सैल होतं, त्यातलं कालवण सांडून पिशवीला डाग पडला होता, म्हणून तिने पिशवी पायांमागे सारली.

शिकवायला महाडहून चारुशीलाबाई आल्या होत्या. दिसत नाही, ऐकू येत नाही, हात चालत नाही अशा मुलांना शाळेत बाकीच्यांबरोबर शिकता यावं, म्हणून तालुकाभर स्कूटीवरून फिरणाऱ्या या शिक्षिका. पन्नाशीच्या, बारीक, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी एक कापडी पिशवी काढली आणि म्हणाल्या, "डोळे मिटा, पिशवीत हात घाला आणि काय आहे ते सांगा. बघायचं नाही."

पिशवी फिरायला लागली. कुणी म्हणालं दाणे, कुणी म्हणालं कापड, कुणी घाबरून हातच बाहेर काढला. हसाहशी झाली. फिरत फिरत पिशवी मागे आली. तुळसाने डोळे मिटले. आत हात गेला आणि तिला घरात शिरल्यासारखं वाटलं.

"ह्यो काथ्या," ती म्हणाली. "हा सुपाचा तुकडा, जुना हाय, कडंला झिजलाय. ही कोंबड्याची पिसं. चिंचोकं. हे भात. पन औंदाचं नाय, गेल्या सालचं हाय."

"भात गेल्या सालचं हे हाताला कसं कळलं, मावशी?" चारुशीलाबाई जवळ आल्या.

"तूस कोरडा लागतोय ना. नवं भात बोटाला धरतं."

सगळ्या माना मागे वळल्या. तुळसाला वाटलं आता हसतील, पण कुणी हसलं नाही. चारुशीलाबाई म्हणाल्या, "बघा. आपण मुलांना चिकटकाम देतो म्हणजे काय देतो? रंगीत कागद. ते डोळ्यांना. बोटांना काय देतो? आणि ज्या मुलाला दिसत नाही, त्याला आपण म्हणतो, तू बस बाळा. त्याला वेगळं बसवू नका. सगळ्यांना एकच काम द्या. फक्त ते काम असं असू द्या की सगळ्यांच्या हाताला लागेल."

तू बस बाळा. तुळसाने मान खाली घातली. दिवसभर तिने डबाही उघडला नाही. संध्याकाळची एसटी लागली होती तरी ती चारुशीलाबाईंच्या स्कूटीपाशी थांबून राहिली आणि एका दमात तिने सगळं सांगून टाकलं. नात, चूल, लसूण, हॉस्टेल, जून.

"हॉस्टेल वाईट नसतं हो," चारुशीलाबाई हेल्मेट हातात घेऊन म्हणाल्या. "पुढे मोठी झाली की कदाचित लागेलही. पण पहिलीपासूनच घर तोडायची गरज नाही. गावच्या शाळेने तिला घ्यायलाच हवं, आणि ब्रेल शिकवायला मी दर पंधरा दिवसांनी येईनच. तुम्हाला दोघांची भीती घालवायची आहे. गुरुजींची आणि तिच्या वडिलांची."

"आन् माजी?" तुळसा म्हणाली.

चारुशीलाबाई हसल्या. "तुमची तर पहिली."

दुसऱ्याच दिवशी तुळसाने अंगणवाडीचं कपाट उघडून चिकटकामाचे चकचकीत कागद काढले, ऋतिकाला पातेल्यापासून उठवून पोरांच्या मधोमध बसवली आणि सगळ्यांपुढे माशाचं चित्र ठेवलं. कागद फाडायचे, चित्रात चिकटवायचे. पोरं तुटून पडली. ऋतिकाने दोन कागद हातात घेतले. एक गालाला लावला, मग दुसरा लावला.

"आजे, निळा कुठला गो?"

"डाव्या हातातला."

"आन् लाल?"

"दुसरा."

"दोन्ही येकच हायेत," ऋतिका म्हणाली. तिने ते मांडीवर ठेवून दिले आणि विचारलं, "लसूण हाय का सोलायला?"

"तिला दिसत नाय, तर तिला कागद कशाला देता?" शेजारचा स्वराज म्हणाला. पाच वर्षांचं पोर, नाकाला शेंबूड, आणि सगळ्या वाडीत जिभेला सगळ्यांत तिखट. तुळसा त्याच्यावर खेकसली, पण खेकसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं जे केलं तेच हे पोर बोललं. तिने कागद गोळा करून परत कपाटात ठेवले. प्रशिक्षणाला जाऊन आपल्याला काडीचं कळलं नाही असं तिला वाटलं, आणि त्या दिवशी खिचडीही बुडाला लागली.

रविवारी भिकूने राब घालायला घेतला. पावसाळ्यात जिथे भाताचं रोप करायचं तो जमिनीचा तुकडा आधी भाजून घ्यायचा, म्हणून त्यावर थर रचायचे. खाली शेण पसरायचं, त्यावर कवळ, कवळावर गवत, गवतावर पातेरा म्हणजे सुका पाला, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर, म्हणजे आग भडकत नाही, दबून जळते. भिकू आणि तुळसा डोक्यावरून भारे आणून टाकत होते. ऊन पाठीवर चढत होतं. कवळातले लाल मुंगळे भिकूच्या गळ्यापर्यंत पोचले होते आणि तो त्यांच्या आयामावश्यांचा उद्धार करत होता. ऋतिका बांधावर बसून कडेने हात घालून बघत होती.

"आबा," ती म्हणाली, "हितं गवत नाय घातलंस."

"घातलंय की."

"नाय. शेण हाय, कवळ हाय, मंग डायरेक पातेरा. गवत नाय."

भिकू कुरकुरत आला, पातेरा बाजूला केला. खरंच हातभर जागेत गवत नव्हतं. त्याने गवताची मूठ आणून तिथे दाबली, मग सरळ झाला आणि बायकोला म्हणाला, "चाळीस वर्सं राब घालतोय मी. माजी चूक माज्या बापाला बी घावली नव्हती गो."

तुळसा डोक्यावरचा भारा तसाच ठेवून नातीच्या हातांकडे बघत राहिली. बोटं थरात खाली उतरत होती, वर येत होती, थांबत होती, पुन्हा चाचपत होती. चारुशीलाबाई काय म्हणत होत्या ते तिला आता, या उन्हात, मुंगळे चावत असताना कळलं. चिकटकाम म्हणजे दुसरं काय? थर तर रचायचे. आणि थर रचायला वाडीतल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

पण चिकटवायचं काय, हे ठरलं सोमवारी शाळेत. शाळा खालच्या वाडीत, चढ उतरून अर्ध्या कोसावर. तिथे राहुल सर एकटे चार वर्ग सांभाळायचे. तरुण माणूस, महाडहून मोटरसायकलवर यायचा. तुळसाने विषय काढला तेव्हा त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, मी नाही म्हणत नाही. नाही म्हणताच येत नाही. पण मला भीती वाटते. तुमच्या वाडीवरून ती रोज येणार कशी? वाटेत पाय घसरला, ओढ्यावरच्या साकवावरून खाली गेली तर?"

"मी आनून सोडीन."

"तुमची अंगणवाडी आणि माझी शाळा एकाच वेळी भरते. आजोबा शेतावर. मग रोज कोण?" सरांनी थोडं थांबून म्हटलं, "बाकी पोरं येतात तशी ती पोरांबरोबर चालत आली, तर माझं काही म्हणणं नाही. तिचे वडील येतील तेव्हा मला बोलवा. येतो मी बघायला."

परत चढ चढताना तुळसाने चपला काढून हातात घेतल्या. वाटभर ती पायांनी बघत आली.

दुसऱ्या दिवशी तिने पोरांना सांगितलं, आज चित्र काढायचं नाही, आज वाट आणायची. सगळ्यांनी अनवाणी यायचं. अकरा अधिक एक अशी बारा पोरं दोघादोघांनी हात धरून शाळेपर्यंत जाऊन आली, दोघांतल्या एकाने डोळे मिटायचे. जाताना एकाने, येताना दुसऱ्याने. ऋतिकाच्या वाट्याला स्वराज आला. पहिल्याच उतारावर तो डोळे मिटून धडपडला आणि रडायला लागला, तेव्हा ऋतिकानेच त्याला उठवलं. "पाय उचलून नाय टाकायचा रे," ती म्हणाली. "घासून टाकायचा." त्या दिवसापासून स्वराजने तिच्याविषयी तिखट बोलणं सोडलं. दुसऱ्या कुणी बोललं तर मात्र तो दुप्पट बोलायचा.

मग आठ दिवस अंगणवाडीत नुसता चिखल होता. आहाराची रिकामी खोकी उलगडून तुळसाने ती सुतळीने एकाला एक शिवली. धोतराएवढा लांब पुठ्ठा झाला. तांदळाच्या पिठाची खळ ती पातेलंभर शिजवायची. खिचडीचं पातेलं कुठलं आणि खळीचं कुठलं, यावरून एकदा घोटाळाही झाला, पण दोन घास खाऊन कुणाला काही झालं नाही. पुठ्ठ्याच्या एका टोकाला शेणमाती सारवली, ते अंगण. मग ओढ्यातली खडी, त्या सात दगडी पायऱ्या. पायऱ्या संपल्या की वळणावर एक उंच सावर होती, बुंध्याला जाडजूड काटे. तिला हात लागला की उजवीकडे वळायचं. म्हणून पोरांनी सावरीचे काटे काढून आणले आणि खळीत रोवले. पुढे शेत, तिथे भाताची धसकटं. मग साकव, त्याला बारीक वाळू. अक्षदा नावाच्या मुलीचा उजवा हात जन्मापासून आखडलेला होता. वाळू पसरायचं काम तिने कोपराने केलं आणि ते सगळ्यांत सारखं झालं. शेवटी शाळेची फरशी.

"फरशी गुळगुळीत हाय," ऋतिका म्हणाली. "आजे, ते कागद दे. ते दोन येकसारखे."

माशाच्या चित्रावरून परत कपाटात गेलेले ते चकचकीत कागद अखेर शाळेची फरशी होऊन बसले. पुठ्ठा जमिनीवर पसरायचा आणि पोरांनी रांगेने त्यावर बोटं फिरवत जायचं, असा खेळच झाला. बोटांनी वाट म्हटली की मग पायांनी म्हणायची. फाल्गुन लागला तेव्हा ऋतिका पोरांच्या घोळक्यात हात न धरता शाळेपर्यंत जायला लागली होती. तुळसा मागून जीव मुठीत धरून चालायची. एकदोनदा पोर पडली, गुडघा फुटला. तुळसा रडली, ऋतिका रडली नाही.

शिमग्याला चाकरमानी आले. मंगेशही आला, पाठीवर सॅक, आणि सॅकमध्ये फॉर्मसकट हॉस्टेलचं जाड गुळगुळीत माहितीपत्रक. त्यावर बागेत ओळीने उभी असलेली मुलं आणि मोठी इमारत. "बग आये, कसलं भारी हाय," तो म्हणाला. ऋतिका त्याच्या मांडीवर बसून पत्रकावर बोटं फिरवत होती. "पप्पा, ह्याच्यात काय हाय?" तिने विचारलं. मंगेशने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. लेक वर्षातून दोनदा भेटणारी, तिला काय सांगावं हेच त्याला सुचेना. तुळसाने ते बघितलं. तो काही दुष्ट नव्हता. रोज रात्री तिच्या काळजीने त्याला झोप लागत नाही, हे सून फोनवर सांगायची.

"धुळवडीच्या दुसऱ्या दिशी गुरुजी येनार हायेत," तुळसा म्हणाली. "तू बी बग. पोरांनी काय केलंय ते बग, मंग सही कर."

"चित्र बघून काय व्हनार, आये?"

"बग तर."

होळी झाली, पालखी नाचली, तीन दिवस अंगणवाडी बंद होती. ठरलेल्या दिवशी सकाळी तुळसाने घरी आणलेला पुठ्ठा नीट दिसावा म्हणून पडवीत दोरीवर टाकला. रात्री तो दमट झाला होता, जरा वारा लागू दे म्हणाली, आणि पाण्याला गेली. भिकूने शेळ्या सोडल्या आणि पातेऱ्याची टोपली आणायला परसात गेला. त्याला यायला उशीर झाला तो तंबाखूच्या एका चिमटीएवढाच.

तुळसा हंडा घेऊन आली तेव्हा पडवीत चार शेळ्या गुण्यागोविंदाने जेवत होत्या. तांदळाची खळ, भाताची धसकटं, खोक्याचा पुठ्ठा. याहून चांगलं पान त्यांच्यापुढे कुणी कधी वाढलं नसेल. शेणमातीचं अंगण आणि सावरीचे काटे तेवढे उरले होते. वाळू खाली सांडली होती. शाळा साफ गेली होती.

तुळसाने हंडा तिथेच आपटला. "मेल्या, डोळं फुटलं काय तुजं?" ती भिकूवर ओरडली, आणि पाठीमागे ऋतिका उभी आहे हे बघून तिने स्वतःच्याच तोंडावर हात मारला. भिकू पातेऱ्याची टोपली धरून उभा. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने इतकं केविलवाणं तोंड कधी केलं नव्हतं.

"जाऊ दे, आये," मंगेश उंबऱ्यातून म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच तुळसाला जास्त वाईट वाटलं. "चित्र ऱ्हायलं असतं तरी काय झालं असतं? नको टेन्शन घेऊ. मी करतो सही."

ऋतिका पुढे आली. खाली बसून तिने पुठ्ठ्याच्या फाटक्या कडेवरून हात फिरवला, जिथे साकव होता तिथवर. मग ती उठली. "पप्पा, वाट थोडीच खाल्ली?" ती म्हणाली. "ती हाय ना खाली. चल, दावते."

तेवढ्यात लांबच्या गाडीरस्त्याने राहुल सरांची मोटरसायकल आली. सगळे निघाले. पुढे ऋतिका, तिच्या आजूबाजूला आज सुट्टी संपवून जमलेली पोरं, मागे मंगेश, सर आणि तुळसा. भिकू सगळ्यांच्या मागे, गुन्हेगारासारखा. अंगण संपलं. पायऱ्या आल्या. ऋतिकाने पाय घासत घासत सातही उतरल्या आणि उजवा हात पुढे केला, सावरीचा काटेरी बुंधा हाताला लागायला.

हात हवेत राहिला.

तिने अजून एक पाऊल टाकलं. हात फिरवला. काहीच नव्हतं. स्वराज बोलायला गेला तर तुळसाने त्याचं तोंड दाबलं, आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात वीज पडली. होळीला सरळसोट सावर लागते. यंदा गावकीने झाड निवडायचं काम भिकूला दिलं होतं. ढोल वाजवत झाड आणलं तेव्हा ती पुरणपोळ्यांत होती, कुठून आणलं हे तिने विचारलंच नव्हतं. तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. भिकूने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

वळणाच्या डाव्या अंगाला दोन पुरुष खोल घळ होती. ऋतिकाचा पाय डावीकडे सरकला. मंगेश झेपावला, तर तुळसाने त्याचं मनगट धरलं. त्याने हिसका दिला, तरी तिने सोडलं नाही. "थांब," ती म्हणाली. "थांब जरा. इतकी वर्सं मी नाय थांबले, तिला धरूनच ठेवली."

ऋतिकाचा पाय थांबला. तिने तळवा जमिनीवर घासला. एकदा, दोनदा. मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती चाचपायला लागली. हाताला काहीतरी लागलं. उचलून नाकाशी नेलं. पांढरी, ओलसर ढलपी. कुऱ्हाडीने उडालेली. अजून एक. अजून एक. ढलप्या जिकडे दाट होत गेल्या तिकडे ती रांगत गेली आणि तिच्या हाताला ताजा, चिकट खुंट लागला. दोन्ही हातांनी तो तिने पूर्ण वेढून बघितला.

"आबा!" ती ओरडली. "सावर तोडलीस? मला सांगायचं नाय?"

"चुकलो गो बाय!" भिकू मागून रडवेल्या आवाजात ओरडला. "होळीसाठनं तोडली!"

ऋतिकाने पाचसहा ढलप्या फ्रॉकच्या ओच्यात भरल्या, खुंटाला उजवा हात लावून वळली आणि चालायला लागली. पोरं धावत तिच्या मागे. शेताची धसकटं करकरली, साकवावर पायांचा आवाज बदलला, खाली पाणी होतं, ती कठड्याला हात लावून गेली. शाळेच्या फरशीवर पाय लागला तेव्हा तिने दोन्ही पाय जुळवून एक उडी मारली. गार फरशीवर ती रोजच अशी उडी मारायची, हे मंगेशला माहीत नव्हतं.

राहुल सर मागोमाग फरशीवर आले. मग चष्मा पुसत म्हणाले, "त्या घळीला मी कठडा करून मागतो. ग्रामपंचायतीत बोलतो. आणि मावशी, हे चित्र माझ्या चारही वर्गांकडून करून घ्यायचंय. शिकवायला याल?"

"मदतनीस हाय मी, सर."

"मग मदत करा," सर म्हणाले.

परत येताना मंगेशने बूट काढून हातात घेतले. साकवापाशी त्याने डोळे मिटले आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. मुंबईचे पाय, चार पावलांत खडा टोचून कळवळला. "पाय घासून टाकायचा, पप्पा," ऋतिका म्हणाली. तुळसा मागून येत होती. लेकाची पाठ हलताना तिला दिसली. तो हसतोय का रडतोय हे तिला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

दुपारी अंगणवाडीत नवा पुठ्ठा पसरला. शेणमाती झाली, खडी झाली. कुणीतरी सावरीचे उरलेले काटे आणले, तर ऋतिकाने ते बाजूला सारले. "आता काटे नको. आता ह्या लावा," म्हणून तिने ओच्यातल्या ढलप्या काढल्या. भिकू दारात बसून पोरांना धसकटं मोडून देत होता. शेळ्या त्याने घरी दोन दोन दाव्यांनी बांधल्या होत्या. खळीत कडुनिंब घालू का, असं त्याने विचारलं, तर तुळसा म्हणाली, "कडुनिंब तर त्या आधी खातील."

वाळूही झाली. उरली फरशी. तुळसाने कपाट उघडलं. चकचकीत कागद संपले होते.

"गुळगुळीत कायतरी पायजे," ऋतिका हात पुढे करून म्हणाली.

मंगेशने इकडे तिकडे बघितलं. मग त्याने पाठीवरची सॅक पुढे ओढली, ते जाड माहितीपत्रक बाहेर काढलं, आतला फॉर्म सोडवून घडी घातली आणि आईकडे दिला. "हा ठेव, आये. चौथीनंतर लागला तर बघू." पत्रक मात्र त्याने मधोमध फाडलं. बाग एकीकडे गेली, इमारत एकीकडे.

ऋतिकाने तुकडा गालाला लावून बघितला. "हां," ती म्हणाली, "ही शाळा." तिने खळ लावली, तुकडा पुठ्ठ्याच्या टोकाला ठेवला आणि चाचपत बापाचा हात शोधून त्यावर नेऊन ठेवला.

"दाबून धर, पप्पा," ती म्हणाली. "सुकेपर्यंत सोडायचं नाय."

मंगेशने दुसराही हात त्यावर ठेवला आणि दाबून धरला.